घरच्या घरी मसाला रम: कुठला मसाला किती वेळ ठेवायचा

मसाला रम घरी करायची तर आधी एक गोष्ट डोक्यातनं काढून टाका, ती म्हणजे सगळे मसाले एकदम बाटलीत टाकायचे, झाकण लावायचं आणि पंधरा दिवस विसरून जायचं. मी पहिल्यांदा अगदी तसंच केलेलं. दालचिनी, लवंग, वेलची, चक्रीफूल, मिरी, संत्र्याची साल सगळं एकत्र, आणि पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर येतो ना, तो वास. चमचाभर चाखली तर जिभेचं टोक बधिर. दालचिनी कुठे नाही, संत्रं कुठे नाही, मागे नुसता कडवट तुरटपणा, अख्खा खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, लवंगेने खाऊन टाकलेला. लवंगेत युजेनॉल असतं, दात दुखला की लवंगेचं तेल लावतात ते त्याच्यासाठीच, आणि ते अल्कोहोलमध्ये इतकं भराभर उतरतं की एक दिवस पुरे होतो. व्हॅनिलाच्या शेंगेला तेच काम करायला आठवडा लागतो. आता या दोघांना एका बाटलीत सारखाच वेळ दिला तर काय होणार?

त्यानंतर बऱ्याच बाटल्या केल्या, आणि आता माझं ठाम मत झालंय की मसाल्याचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, वेळ चुकून चालत नाही. म्हणून खाली सगळीकडे प्रमाणापेक्षा वेळेबद्दल जास्त लिहिलंय.

आधी कायदा आणि जीव

आपण इथे दारू गाळत नाहीये. दुकानातनं विकत आणलेल्या दारूत मसाले भिजवतोय, बस. घरी भट्टी लावणं गुन्हा आहे आणि तसं केलेलं काही विकणं हाही गुन्हा आहे, ओळखीतल्या लोकांना पैसे घेऊन दिलं तरी. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, त्यामुळे दारू जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि रम-व्होडकासाठी वय २५ पूर्ण लागतं. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदीच आहे. गोव्यात नियम वेगळे आहेत, पण गोव्यातनं बाटल्या घेऊन येताना महाराष्ट्राचे नियम लागू होतात हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुठून आली माहीत नाही अशी सुटी, कॅनमधली, प्लास्टिकच्या पिशवीतली दारू कधीही वापरू नका, कितीही स्वस्त असली आणि आणणारा कितीही ओळखीचा असला तरी. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. मिथेनॉल वासावरनं ओळखता येत नाही, मसाल्याने ते जात नाही, आणि लवंग-दालचिनीच्या वासाखाली तर जो थोडाफार संशय आला असता तोही येणार नाही. सीलबंद बाटली, परवान्याचं दुकान, बिल. यात काही तडजोड नाही.

आणि गॅस. दारू गरम करून मसाला लवकर उतरवायचा असं काही जण सांगतात, ते करू नका. ४० टक्क्यांच्या दारूवर साधारण २६ अंश तापमानालाच पेट घेईल इतकी वाफ जमते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात नुसती खोलीच त्याच्या वर असते. गाळणं, ओतणं सगळं गॅसपासून लांब, देवघरातल्या समईपासूनही लांब.

कुठली दारू घ्यायची

आपल्याकडच्या बहुतेक रम-व्होडकाच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा जुन्या ब्रिटिश प्रूफच्या, म्हणजे दारूची तीव्रता मोजायच्या पद्धतीच्या, हिशोबातला आहे, त्यांच्या मोजणीत ते ७५ प्रूफ होतं. आपल्या कामाला हे उत्तम आहे, कारण मसाल्यातली सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये उतरतात आणि रंग, तुरटपणा, गोडवा बराचसा पाण्यात, आणि इथे दोन्ही आहेत. वाइन किंवा बियरमध्ये हे करायला जाऊ नका, त्यात अल्कोहोल कमी असल्यामुळे ओली साल किंवा फळ खराब होऊ शकतं.

ओल्ड मंकसारखी काळी रम घेतली तर तिच्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेसारखी चव आधीपासूनच आहे, म्हणून तिच्यात व्हॅनिला कमी आणि संत्रं-मिरी जास्त असं करावं. पांढरी रम कोऱ्या कागदासारखी असते, तुम्ही टाकाल ते सगळं दिसतं, चुकासुद्धा. पहिल्यांदा करणाऱ्याने काळी घ्यावी असं मला वाटतं. महागाची, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरलेली रम मात्र यात घालू नका, तिची स्वतःची चव मसाल्याखाली दबून जाते आणि वाईट वाटतं.

आणि पहिला प्रयोग खंब्यावर करू नका. १८० मिलीची चपटी आणा. बिघडली तर १८० मिली बिघडली.

भांडी

रुंद तोंडाची काचेची बरणी, घट्ट झाकणाची. लोणच्याची वापरलेली बरणी नको, कितीही धुतली तरी झाकणाच्या रबरात हिंग-मोहरीचा वास राहतो आणि दारू तो बरोब्बर ओढून घेते. प्लास्टिक नको, तांबं-पितळ नको, आजीच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीचाही मोह नको कारण जुन्या मुलाम्यात शिसं असू शकतं. बाकी मग चहाची गाळणी, धुतलेलं मलमलचं कापड, शिवायचा पांढरा दोरा, कॉफी फिल्टरचा कागद, चिकटपट्टी आणि पेन. पेन विसरू नका, ते का ते पुढे येईलच.

बरणी गरम पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करायची.

मसाले निवडताना

सगळे अख्खे घ्या. पूड अजिबात नको, गरम मसाला तर नकोच, पूड टाकली की दोन तासांत सगळं उतरतं आणि नंतर कितीही गाळलं तरी तळाला चिखल राहतो. मसाला ताजा आहे का हे बघायला लवंगेचं डोकं नखाने दाबा, तेलाचा ओलसर डाग उमटला तर चांगली, नुसता भुगा पडला तर ती फोडणीलाच वापरा.

दालचिनीत दोन जाती मिळतात आणि फरक मोठा आहे. किराणा दुकानात मिळते ती जाड, टणक, एकाच थराची साल म्हणजे कॅसिया, ती झणझणीत असते आणि तिच्यात कुमारीन नावाचं द्रव्यही जास्त असतं, जे फार प्रमाणात पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. सिलोन दालचिनी म्हणजे कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी, बोटांनी सहज चुरडते, वास गोडसर. रमला सिलोनच घ्या. कॅसियाच हाताशी असेल तर निम्मी घ्या आणि निम्म्या वेळात काढा.

चक्रीफूल खाण्याचंच, नेहमीच्या मसाल्याच्या दुकानातलं. शोभेच्या सुक्या फुलांच्या पाकिटातलं कधीच नाही, कारण तसंच दिसणारं एक जपानी चक्रीफूल असतं आणि ते विषारी आहे. जायफळ किसणीवर दोनतीनदा घासा, त्याच्या वर नको, जास्त जायफळ पोटात गेलं की धडधड, उलट्या, भ्रम असलं काहीही होऊ शकतं. मी आता जायफळाऐवजी जायपत्रीचा नखाएवढा तुकडा टाकते, वास जास्त नाजूक येतो आणि गाळायला सोपं जातं. वेखंड, भांग किंवा कुणी सांगितलेली अनोळखी मुळी, यातलं काहीही दारूत टाकायचं नाही.

संत्र्याच्या सालीवर जरा थांबते, कारण इथे बऱ्याच जणांची रम कडू होते. कडवटपणा सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात असतो, सुगंध बाहेरच्या केशरी भागात. परदेशी जाड सालीचं संत्रं सोलाण्याने वरच्यावर सोलता येतं, पण आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, त्याला सोलाणं लावलं की साल फाटते आणि रस गळतो. म्हणून नागपुरी संत्रं नेहमीसारखं हाताने सोला, साल ताटात उलटी पसरा, चमच्याच्या कडेने आतला पांढरा भाग खरवडून काढा, साल धरून बघितली तर उजेड आरपार दिसला पाहिजे. मग ती वाकवा. बारीक तुषार उडतात आणि बोटांना वास लागतो, तेच तेल आपल्याला हवंय. बाजारातल्या फळाला मेण लावलेलं असतं, तेव्हा सोलायच्या आधी कोमट पाण्यात घासून धुवा.

खंब्याचं प्रमाण आणि आठवड्याचं वेळापत्रक

७५० मिली रमला मी घेते ते असं: व्हॅनिलाची अर्धी शेंग उभी चिरून, काळी मिरी आठ दाणे, सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, सिलोन दालचिनी बोटभर लांब, हिरवी वेलची तीन, चक्रीफुलाच्या फक्त दोन पाकळ्या, जायपत्रीचा तुकडा, एका संत्र्याची खरवडलेली साल, आणि लवंगा चार. चारच. चपटीला करताना सगळं चौथाई करा, म्हणजे एकच लवंग.

मसाला ठराविक वेळाने बाहेर काढत बसण्यापेक्षा उशिरा टाकणं जास्त सोपं जातं. रविवारी रात्री रम बरणीत ओता आणि तिच्यात व्हॅनिला, सुंठ आणि ठेचलेली मिरी टाका. मिरी ठेचायची म्हणजे लाटण्याने एकदा दाबायची, दाणा दोन तुकडे झाला की पुरे. सुंठ आल्यापेक्षा तिखट असते, आलं वाळताना त्यातला तिखटपणा बदलून तीव्र होतो, म्हणून तुकडा छोटा. बरणी अंधाऱ्या कपाटात. उन्हात नको, गच्चीवर नको, उन्हाने वास मरतो आणि रंग उडतो.

सोमवार, मंगळवार रोज एकदा बरणी हलवायची. एवढंच.

बुधवारी संध्याकाळी दालचिनी, वेलची, चक्रीफूल आणि जायपत्री. वेलचीचं तोंड फक्त उघडायचं, दाणे बाहेर काढायचे नाहीत, मोकळे दाणे कापरासारखा वास लवकर सोडतात. गुरुवारी सकाळी झाकण उघडून वास घ्या, नुसता वास, चाखायची घाई नको. पहिल्यांदा दालचिनी येते आणि तिच्या मागून वेलची. चक्रीफूल सगळ्यात पुढे आलेलं वाटलं तर ते तेव्हाच काढून टाका, त्याचं काम झालं.

शुक्रवारी संध्याकाळी संत्र्याची साल, आणि चार लवंगा मलमलच्या पुरचुंडीत बांधून, दोरा बरणीच्या तोंडाबाहेर सोडून. पुरचुंडी एवढ्यासाठी की शनिवारी संध्याकाळी फक्त लवंग काढता आली पाहिजे, चमच्याने शोधत बसायला लागू नये. उन्हाळा असेल तर शनिवारी सकाळीच काढा, ४० अंशांच्या दिवसांत सगळं लवकर उतरतं. रविवारी सकाळी चव बघायची आणि गाळायचं.

चव बघायची एक पद्धत आहे. सरळ चमचाभर रम तोंडात घेतली तर अल्कोहोलने जीभ सुन्न होते आणि काही कळत नाही. एक चमचा रम, एक चमचा साधं पाणी, छोट्या वाटीत एकत्र करा. आधी वास. मग तोंडात घेऊन जरा फिरवा आणि गिळल्यावर दहा सेकंद गप्प बसा. पहिल्यांदा काय आलं, मधे काय आलं, आणि शेवटी जिभेच्या मागे काय राहिलं? मागे राहतो तो तुरटपणा असेल तर लगेच गाळा, आणखी एक दिवसही नको. मागे गोडसर उब राहिली तर जमलंय. मधे पोकळ वाटलं तर दालचिनी एक दिवस राहू द्या, बाकीचं काढा. मी हे नाश्त्याच्या आधी करते, कारण चहा-पोह्यांनंतर जिभेला नीट कळत नाही, आणि नुसतं चाखून वाटी बाजूला ठेवायची असते.

गाळताना आधी चहाची गाळणी, मग दुहेरी मलमल. कापड पिळू नका! पिळलं की मसाल्यातला सगळा तुरट गाळ खाली येतो आणि आठवड्याची मेहनत तिथेच जाते. आपोआप निथळू द्या, अर्धा तास लागला तर लागू दे. अगदी नितळ हवी असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कॉफी फिल्टरमधून. मी रोजच्यासाठी एवढं करत नाही, कुणाला बाटली द्यायची असेल तरच.

गोडवा

इथे आपल्याकडे काकवी आहे हे आपलं भाग्य. रम होते उसाच्या मळीपासून, आणि काकवी म्हणजे गूळ होण्याच्या आधीचा दाट रस, दोघी एकाच घरच्या. खंब्याला एक मोठा चमचा घाला, हलवा, चाखा, हवी तर आणखी अर्धा. काकवी नसेल तर ५० ग्रॅम गूळ ५० मिली पाण्यात उकळून, गाळून, पूर्ण गार करून त्याचा पाक वापरा. असे तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली पाक, खंब्यात घातला की ४२.८ चं साधारण ४० होतं, फार फरक पडत नाही. गुळात मीठ-खार असतो म्हणून थोडा गढूळपणा येतो, चवीला उलट छानच लागतो. साखर चालते, पण साखरेने नुसतं गोड होतं, वेगळी अशी चव येत नाही.

मग बाटलीत भरा आणि आठदहा दिवस हात लावू नका. गाळल्या दिवशी सगळे मसाले सुटेसुटे लागतात, दहाव्या दिवशी त्यांची एक चव झालेली असते. हे प्रत्येक बाटलीत मी बघितलंय.

बर्फ किंवा पाणी घातल्यावर रम जरा दुधाळ दिसली तर घाबरू नका, खराब झालेली नाही. चक्रीफुलातलं अॅनिथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही, पाणी वाढलं की त्याचे बारीक थेंब होऊन बाहेर येतात. बडीशेपेचंही तसंच.

बिघडली तर

जोरात झाली असेल, लवंग पुढे आली असेल, तर साध्या रममध्ये मिसळून पातळ करा, एकास एक, वाटलं तर एकास तीन. माझा तो पहिला खंबा मी टाकून दिला नव्हता, पुढे दोन वर्षं थोडा थोडा साध्या रममध्ये घालून संपवला. कडू झाली असेल तर थोडा गोडवा आणि अगदी कणभर मीठ, कडवटपणा जात नाही पण मागे सरतो. पुन्हा नवीन मसाले टाकून जुनी चूक झाकायला जाऊ नका.

ज्यांना नेमकेपणा हवाय त्यांच्यासाठी

आता मी सांगते ती पद्धत जास्त भांड्यांची आहे पण माझी सगळ्यात आवडती. दोन चपट्या व्होडका आणा, सहा छोट्या काचेच्या बाटल्यांत ६०-६० मिली वाटून घ्या, आणि प्रत्येक बाटलीत एकच मसाला. एकीत सहा लवंगा, एक दिवस. एकीत बोटभर दालचिनी, चार दिवस. सहा वेलच्या, तीन दिवस. एक अख्खं चक्रीफूल, तीन दिवस. पंधरा मिऱ्या ठेचून, चार दिवस. एका संत्र्याची साल, दोन दिवस. गाळून नावं लिहून ठेवा, आणि औषधाच्या दुकानातनं नवा कोरा ड्रॉपर आणा.

मग ७५ मिली साधी रम ग्लासात मोजून घ्यायची आणि थेंब थेंब घालत चाखायचं, मोजत जायचं, कागदावर लिहीत जायचं. ७५ एवढ्यासाठी की जमलं की खंब्याला दहापट करायचं, हिशोबच नको. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. म्हणजे ७५ मिलीला दालचिनीचे ३० थेंब आवडले तर खंब्याला १५ मिली. यात मसाल्याची ओळख होते, खरी ओळख. लवंगेचे तीन थेंब घातले तर कळतही नाही की लवंग आहे, नुसती रम गोल लागते, आणि दहा थेंबांवर तीच लवंग सगळ्यांना ढकलून पुढे येते. हे एकदा जिभेला कळलं की बिर्याणीतला मसालासुद्धा वेगळा लागायला लागतो.

फेणी आणि दुकशिरी

आमचं सासर दोडामार्गकडचं आणि मामेसासरे बार्देशात, त्यामुळे हे मी पुस्तकात वाचून नाही, त्यांच्या मागच्या पडवीत बसून शिकले. गोव्यात फेणीत दुकशिरीची मुळं टाकून ठेवतात. दुकशिरी म्हणजे आपली उपळसरी, अनंतमूळ म्हणतात तेच. वाळलेल्या मुळाला व्हॅनिलाच्या जवळ जाणारा, लाकडासारखा गोड वास असतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि २०१६ पासून गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिलाय, पण दुकशिरी त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांत आहे.

मामा मुळं आधी पाण्यात घासून माती काढतात, मग दोन दिवस सावलीत वाळवतात. मी पाट्यावर जोर लावून ठेचायला लागले तर म्हणाले, "अगं, ठेच, पण पीठ करू नकोस, साल फुटली की झालं." वास सालीत असतो, आतल्या लाकडात फारसा नाही. ७५० मिली फेणीला दहा ग्रॅम मुळं, पाच ते सात दिवस, हळूहळू सोनेरी तपकिरी रंग येतो. काही जण मुळं बाटलीतच ठेवतात, मला गाळलेली आवडते. जिऱ्याची फेणीही करतात, त्याला मात्र जिरं न भाजता आणि दोनच दिवस. आणि व्हॅनिलाची शेंग परवडत नसेल तर मसाला रमलाही उपळसरीचे दोन तुकडे टाका, सुंदर जमतं. मुळं मात्र ओळखीच्या काष्ठौषधीच्या दुकानातनंच घ्या, रानातनं स्वतः उपटून आणू नका.

पटकन होणारे काही

तिरफळ. कोकणी माणसाला बांगड्याच्या तिखल्यातच आठवतं, पण पांढऱ्या रममध्ये किंवा व्होडकात याच्यासारखं काही नाही. काळी बी काढून टाका, फक्त वरचं टरफल घ्या, चपटीला आठदहा टरफलं, आणि चार तासांनी चाखा. ओठांना मुंग्या आल्या की गाळा. सहा तासांच्या वर ठेवलंत तर नुसत्या मुंग्याच राहतात, लिंबासारखा जो वास असतो तो हरवतो.

मिरची तासांचं काम आहे. चपटीभर व्होडकात एक लवंगी मिरची उभी चिरून, दर अर्ध्या तासाने चाखायचं, दोनतीन तासांत होते. तिखटपणा पाण्यात उतरत नाही पण अल्कोहोलमध्ये फार पटकन उतरतो, म्हणून मिरची टाकून झोपायला जाऊ नका. कोकमाला बिनमिठाची सोलं लागतात, आमसुलं खारट असतात, चार सोलं एक दिवस, रंग असा येतो की बघत राहावं. गवती चहाची दोन पानं गाठ मारून बारा तास. ओल्या पानाची किंवा फळाची बाटली महिनाभरात संपवा आणि फ्रीजमध्ये ठेवा, गाळलेली मसाला रम मात्र बंद कपाटात सहा महिने आरामात राहते, संत्र्याचा वास तेवढा आधी कमी होतो.

प्यायची कशी

थंडीत रात्री ३० मिली मसाला रम, त्यावर गरम पाणी, लिंबाची चकती. गरम पाणी रमवर ओतायचं, रम गॅसवर नाही. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला मसाल्याचं गरम खिमाड करतात, त्याचीच ही दूरची बहीण म्हणा. सोड्याबरोबर संत्र्याची फोड टाकून उन्हाळ्यातही छान. कोलाबरोबर मला पटत नाही, एवढा मसाला सांभाळून उतरवायचा आणि त्यावर कोला ओतायचा, पण ज्याची त्याची आवड. नाताळच्या केकचे मनुके-बेदाणे हिच्यात भिजवले तर वेगळा मसाला घालायला लागत नाही. मसाले आहेत म्हणून हे औषध नाही, काढा नाही, सर्दीवर उपाय नाही, आणि गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्याला द्यायचं नाही. घरात मुलं असतील तर बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि वरच्या कपाटात ठेवा, संत्र्याचा वास आणि तपकिरी रंग बघून कुणालाही सरबत वाटेल.

गाळून उरलेली व्हॅनिलाची शेंग कोरडी करून साखरेच्या डब्यात खुपसा, महिनाभर साखरेला वास येतो, शिऱ्यालाही चालते. दालचिनी एकदा चहात उकळा.

आणि आता पेन. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून कुठला मसाला, किती, कधी टाकला, कधी काढला ते लिहायचं, आणि पहिला ग्लास चाखल्यावर खाली एक ओळ की पुढच्या वेळी काय बदलायचं. दोन महिन्यांनी काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या कपाटात आत्ता जी बाटली आहे तिच्यावर लिहिलंय: काळी रम, लवंग ४, शुक्र. सं. ७ ते शनि. सं. ७, जरा जास्त, पुढच्या वेळी ३ आणि दुपारी काढ.